परवान्याचा कर्ता आणि परवान्याचे बंधन : मुक्त आज्ञावलीच्या इतिहासातील एक प्रश्न

कर्त्याने इतरांना घातलेल्या अटी त्याच्यावरही बंधनकारक असतात काय? कायद्याचे उत्तर सरळ आहे. परवाना म्हणजे स्वामित्वहक्क असणाऱ्याने दुसऱ्यास दिलेली अनुमती होय. स्वतःच्या वस्तूसाठी कोणी स्वतःची अनुमती घेत नाही. परंतु ही सूट कर्तृत्वातून येत नाही, मालकीतून येते. मुक्त आज्ञावलीच्या इतिहासात हा भेद फार महत्त्वाचा ठरला आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना प्रसिद्ध केला. आज्ञावलीत बदल करून ती वितरित करणाऱ्याने आपला सोर्स कोडही त्याच अटींवर खुला करावा, हे त्याचे मर्म. स्वीडनमधील 'मायएसक्यूएल एबी' या कंपनीने २००० मध्ये आपली डेटाबेस प्रणाली या परवान्याखाली आणली. मात्र ज्यांना स्वतःचा कोड खुला करावयाचा नव्हता, त्यांना तीच प्रणाली वेगळ्या परवान्याने विकली. यात लबाडी नव्हती. सर्व हक्क कंपनीकडे एकवटलेले असल्यामुळेच हे शक्य झाले.

२००८ मध्ये 'सन मायक्रोसिस्टिम्स'ने ही कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली आणि हक्कही तिकडे गेले. पुढे सन कंपनीच 'ओरॅकल'कडे जाणार हे दिसताच मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच कोडवरून 'मारियाडीबी' उभारली. पण आता ते परवानाधारक होते, मालक नव्हते. स्वतः लिहिलेला तो कोड वेगळ्या परवान्याने विकण्याची मुभा त्यांना उरली नव्हती. विशेष म्हणजे, अशी मुभा नसलेल्या नव्या शाखेस निधी उभारणे कठीण जाईल, असे प्रतिपादन करून त्या व्यवहारास विरोध करणाऱ्या युरोपीय आयोगाकडील पत्रावर खुद्द स्टॉलमन यांचीही स्वाक्षरी होती. २०१० मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला.

हक्क न विकताही कर्ता बांधला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली १९९२ मध्ये याच परवान्याखाली आली. तीत भर घालणाऱ्यांचे हक्क त्यांच्याकडेच राहिले. त्यामुळे इतरांच्या कोडपुरते टोरवाल्ड्सही परवानाधारकच ठरतात. २००७ मध्ये परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा लिनक्स दुसरीवरच राहिले. तिसरी आवृत्ती त्यांना रुचली नव्हती, हे खरेच; परंतु रुचली असती तरी हजारो सहकर्त्यांची संमती मिळवावी लागली असती.