टोमॅटोची चव कोणी ठरवली?

किराणा मागवायच्या कुठल्याही ॲपवर ‘टोमॅटो’ टाइप करून बघा. वर साधे लाल टोमॅटो येतात आणि जरा खाली गेलं की प्लास्टिकच्या डबीत चेरी टोमॅटो. किलोच्या हिशोबाने भाव काढलात तर डोळे फिरतात. कलिंगड शोधा, तर मोसमात आतून पिवळं असलेलं कलिंगडही दिसतं. हे ‘स्पेशल’ प्रकार आत्ताआत्ता आल्यासारखे वाटतात. पण त्यांच्या मागचा इतिहास चांगला पन्नास वर्षांचा आहे, आणि त्यात एक प्रश्न सारखा डोकं वर काढतो. नवीन वाण तयार करणाऱ्याचं गिऱ्हाईक कोण? शेतकरी, व्यापारी, दुकानदार, की खाणारा? आमच्या कामात याला ‘रिक्वायरमेंट कोणी दिली’ म्हणतात. ज्याने दिली त्याच्या सोयीचं सॉफ्टवेअर बनतं. टोमॅटोचंही तसंच झालंय.

तर चला अमेरिकेत. कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाचं गाव आहे. तिथल्या ‘स्टेट मार्केट’ नावाच्या दुकानात मे 1994 मध्ये एक टोमॅटो विकायला आला. नाव ‘फ्लेवर सेव्हर’. स्पेलिंगमधले दोन स्वर गाळलेले. हल्लीचे स्टार्टअप करतात तसलाच प्रकार, पण त्यांच्या कितीतरी आधी. जनुकीय बदल केलेलं, दुकानात विकलं गेलेलं हे जगातलं पहिलं अख्खं फळ किंवा भाजी. बनवणारी कंपनी कॅल्जीन, तीही डेव्हिसचीच.

कॅल्जीनला सोडवायचा प्रश्न अगदी साधा होता. थंडीच्या दिवसांत अमेरिकेतली दुकानं मुख्यतः फ्लोरिडाच्या टोमॅटोवर चालायची. ते टोमॅटो हिरवे, कडक असतानाच तोडायचे. ट्रकमध्ये चेंगरत नाहीत म्हणून. मग बंद खोलीत इथिलीन वायू सोडून लाल करायचे. इथिलीन हे फळाचं स्वतःचं हॉर्मोन आहे, झाडावर पिकतानाही फळ तेच सोडतं, त्यामुळे त्यात विषारी वगैरे काही नाही. भानगड वेगळी आहे. लवकर तोडल्यामुळे झाडाकडून मिळणारी साखर तिथेच थांबते. वायूने रंग येतो, पण गोडी कुठून येणार? लांबच्या बाजारासाठी आपल्याकडेही नुसता रंग फिरायला लागलेला माल तोडतात, तेव्हा हसायला नको.

बरं, चव फक्त लवकर तोडल्याने गेली असंही नाही. साधारण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीपासून वाणं निवडताना एक गुण मुद्दाम निवडला गेला : कच्चं फळ सगळीकडून एकसारखं फिकट हिरवं असावं. जुन्या वाणांच्या फळाला देठाजवळ गडद हिरवे ‘खांदे’ असतात. त्यामुळे ते कधी तोडायचं हे चटकन कळत नाही, आणि पिकल्यावर रंगही डागाळलेला दिसतो. एकसारखं फळ म्हणजे तोडणी सोपी आणि दुकानात देखणं. 2012 मध्ये डेव्हिसच्याच विद्यापीठातल्या ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी या गुणामागचं जनुक शोधलं, आणि कळलं की एकसारख्या रंगाच्या वाणांमध्ये ते बिघडलेलं आहे. ते गडद खांदे म्हणजे फळातली हिरवी यंत्रणा होती, म्हणजे साखर तयार करायला हातभार लावणारी. आपण दिसण्यासाठी ती बंद करून ठेवली होती, आणि कितीतरी दशकं कोणाच्या लक्षातही आलं नाही. कारण चव मोजायचं कुणाच्या यादीतच नव्हतं.

आता परत 1994. टोमॅटो मऊ पडतो तेव्हा पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन विरघळत असतं. ते विरघळवणारं एक एन्झाइम आहे, पॉलीगॅलॅक्ट्युरोनेज. कॅल्जीनने त्या एन्झाइमच्या जनुकाची उलटी प्रत टोमॅटोत घातली. सुलट निरोप आणि उलटा निरोप एकमेकांना चिकटतात, आणि एन्झाइम जवळजवळ बनतच नाही. कल्पना अशी की टोमॅटो झाडावरच पिकू द्यायचा, साखर भरू द्यायची, आणि तरी तो प्रवासात टिकेल. चव आणि टिकाऊपणा एकमेकांपासून सोडवायचा हा प्रयत्न होता. मला तो अजूनही आवडतो.

आपण ऐकलेली गोष्ट अशी असते की लोक घाबरले, आंदोलनं झाली, टोमॅटो बुडाला. विरोध होता, हे खरं. पण कंपनीने माहितीपत्रकं ठेवून, लेबल लावून हा टोमॅटो विकला आणि सुरुवातीला लोकांनी जास्त पैसे देऊन तो घेतला. बुडवलं ते हमालीने. टोमॅटो सडत उशिरा होता, पण अपेक्षेइतका कडक नव्हता, कारण फळ मऊ करणारं ते एकटं एन्झाइम नव्हतं. पॅकिंगची यंत्रं हिरव्या दगडासारख्या टोमॅटोसाठी बनवलेली, त्यांत पिकलेला माल चेंगरायला लागला. कॅलिफोर्नियाच्या हवेतली वाणं फ्लोरिडाच्या वाळूत नीट पीक देईनात. दुकानापर्यंत पोचवायचा खर्च विक्रीतून निघेना. 1997 पर्यंत फ्लेवर सेव्हर बंद झाला होता आणि कॅल्जीन मोन्सँटोने घेतली होती. एक जनुक बरोबर पकडून भागत नाही. मुळातलं वाणही चांगलं लागतं, ट्रकही लागतो.

गंमत म्हणजे याच कल्पनेचा टोमॅटो इंग्लंडमध्ये झेनेका कंपनीने प्युरीसाठी वापरला. पेक्टिन टिकलं की प्युरी घट्ट होते, पाणी कमी आटवावं लागतं, डबा स्वस्त पडतो. 1996 पासून सेन्सबरी आणि सेफवे या दुकानांनी स्पष्ट लेबल लावून तो विकला, आणि तीनेक वर्षांत 18 लाख डबे खपले. मग मात्र ब्रिटनमध्ये जनुकीय बदलांवरून खरंच वादळ उठलं आणि डबे शेल्फवरून गेले.

दुसरा रस्ता इस्रायलचा. हिब्रू विद्यापीठातल्या नाहुम केदार आणि हाइम राबिनोविच यांनी प्रयोगशाळेतली कापाकापी न करता, साध्या संकरातून टिकाऊ टोमॅटो बनवले. ‘रिन’ नावाचा एक नैसर्गिक बदल आहे. आई आणि बाप दोघांकडून तो आला तर टोमॅटो पिकतच नाही. एकाकडूनच आला तर पिकतो, पण सावकाश. असा संकर शेल्फवर आठवडाभर सहज जास्त काढतो. चवीला थोडा मार बसतोच. पुढे लहान, एकसारख्या, टिकाऊ चेरी टोमॅटोंमागेही हेच काम होतं, आणि ते ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या शेल्फवर जाऊन बसले. इथे एक खोडसाळ फॉरवर्ड दुरुस्त करतो : ‘चेरी टोमॅटोचा शोध इस्रायलने लावला’ हे खोटं आहे. बोराएवढे टोमॅटो दक्षिण अमेरिकेत आणि मेक्सिकोत माणसं कधीपासून खात होती. इस्रायलने त्यांना दुकानाच्या शिस्तीत बसवलं, एवढं श्रेय पुरेसं आहे.

आणि याच देशातून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक खरबूज आलं. न्यूवे यार इथल्या संशोधन केंद्रातल्या झ्वी कार्ची यांनी बनवलेला संकर, बाहेरून पिवळा जाळीदार, आतून हिरवट पांढरा, आणि वासाने घर भरून टाकणारा. नाव ठेवलं मुलीचं : गालिया. युरोपातली दुकानं त्याच्या प्रेमात पडली, पण वास येणारं खरबूज फार दिवस टिकत नाही. मग ‘गालियासारखी’ जास्त टिकणारी वाणं निघाली, आणि वास कमी झाला.

असं का होतं, याचं उत्तर फ्रान्समध्ये जवळजवळ पुराव्यासकट मिळालं. 1996 मध्ये तूलूझच्या शास्त्रज्ञांनी शारांते जातीच्या खरबुजात इथिलीन बनणं जवळजवळ बंद केलं. गर केशरी झाला. साखर भरली. फळ कडक राहिलं. पण वास मात्र बराचसा गेला. रंग आणि गोडी इथिलीनवाचून येतात, वास मात्र त्याच्याच हाती आहे, आणि मऊ पडणंही. आपण हातगाडीवर खरबूज उचलून नाकाशी नेतो, तेव्हा खरं म्हणजे ते किती दिवस टिकणार नाही हेच हुंगत असतो!

2016 मध्ये नॉटिंगहॅमच्या ग्रॅहम सीमोर यांच्या गटाने टोमॅटोतलं दुसरं एक पेक्टिन तोडणारं एन्झाइम बंद केलं, तेव्हा फळ कडक राहिलं आणि रंग, वास शाबूत राहिला. म्हणजे फ्लेवर सेव्हरवाल्यांची दिशा बरोबर होती, एन्झाइम चुकलं होतं.

पुढच्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली आणि सहकाऱ्यांनी 398 वाणांचा जीनोम वाचला. आधुनिक वाणांत चवीशी जोडलेली 13 सुगंधी रसायनं कमी झालेली दिसली. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते : फळ जितकं मोठं निवडत गेलो, तितकी साखर पातळ होत गेली. म्हणजे चेरी टोमॅटो गोड लागतो त्यात जादू नाही, तो मुळात लहान आहे. क्लींच्या गटाने ‘गार्डन जेम’ नावाचा चविष्ट आणि भरपूर पीक देणारा टोमॅटोही बनवला होता. मोठ्या बागायतदारांनी तो घेतला नाही. फळ लहान, म्हणजे एक पेटी भरायला जास्त वेळा हात चालवायचा, म्हणजे मजुरी जास्त. शेवटी विद्यापीठ देणगी देणाऱ्या लोकांना घरच्या बागेसाठी त्याचं बी पोस्टाने पाठवायला लागलं.

डबीतल्या टोमॅटोच्या भावाचं कोडं इथे सुटतं. लहान फळाची तोडणी महाग पडते, म्हणून ते मोठ्या टोमॅटोच्या ढिगात विकणं परवडत नाही. त्याला वेगळं नाव, वेगळी डबी आणि वेगळा भाव लागतो. चव परत आली ती अशी, ज्याला डबी परवडते त्याच्यासाठी.

आपल्याकडे संकरित टोमॅटोची सुरुवात 1973 ची. बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सने ‘कर्नाटक’ नावाचं वाण आणलं. पुढे त्यांचीच वैशाली, रूपाली, रश्मी ही नावं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. (पुणेकरांनो, एफसी रोड बाजूला ठेवा.) या वाणांनी पीक वाढवलं, रोग झेलले, लांबच्या बाजाराची वाट मोकळी केली. यांना नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. ‘गावरान टोमॅटोची चव’ म्हणून उसासे टाकणारे आपण, पण तो भेगाळलेला, दोन दिवसांत पाणी सोडणारा टोमॅटो पिकवून नुकसान सोसणार कोण? पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारात माल 20 किलोच्या क्रेटने विकला जातो. आकार, रंग, कडकपणा बघून बोली लागते. गोडी बघून लागत नाही. भाव कोसळला की तोच माल रस्त्यावर ओततात. अशा बाजारात चवदार वाण लावून शेतकऱ्याला एक रुपया जास्त मिळत नाही, मग तो ते का लावेल?

पिवळ्या कलिंगडाला तो रुपया मिळतो, कारण फरक डोळ्यांना दिसतो. तैवानच्या नोन-यू कंपनीची ‘आरोही’ आणि ‘विशाला’ ही वाणं आपल्याकडे आली आहेत : आरोही बाहेरून हिरवं, आतून पिवळं, तर विशाला बाहेरून पिवळं, आतून लाल. (पुन्हा मुलींची नावं. बियाणंवाल्यांचं हे काय आहे कळत नाही.) पण पिवळा रंग म्हणजे जास्त गोडी असं काही नसतं. दुकानाच्या शेल्फवर फोटोत दिसणारा गुण विकला जातो, आणि वास फोटोत येत नाही.

आणि आपल्या कोकणात, गोव्यात चिबूड आहेच की. तोही खरबुजाचाच भाऊ. गणपतीच्या दिवसांत रस्त्याकडेला मांडलेला असतो, लांबून वास येतो, गूळ घालून खायचा. पिकला की असा मऊ होतो की मुंबईपर्यंतचा घाटही त्याला झेपत नाही. त्याचं टिकाऊ वाण कोणी बनवलं, तर ॲपवर येईल. कोकणातल्या मंडळींनो, तो चिबूड तुम्ही घ्याल का, ते व्हॉइस नोट पाठवून सांगा.