कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी

कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी ही मानेतील कॅरोटिड रोहिणीच्या आतील अस्तरावर साचलेला मेदाचा व चुन्याचा थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. या थराचे कण किंवा त्यावर धरलेल्या गुठळ्या निसटून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडकल्यास पक्षाघाताचा झटका येतो. तो टाळणे हा शस्त्रक्रियेचा हेतू असून, आधीच मृत झालेला मेंदूचा भाग तिच्यामुळे पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रिया प्रतिबंधात्मक असल्याने तिच्यातूनच पक्षाघात किंवा गंभीर रक्तस्राव उद्भवणे विशेष गैर ठरते. यातील अडचण अशी की, गुठळ्या रोखणारी औषधे रक्तस्राव वाढवतात आणि रक्तस्राव रोखणारे उपाय गुठळ्यांना वाव देतील अशी भीती असते.

इतिहास

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी १९५३ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. मात्र तिचा वृत्तान्त १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी कॅरोटिड रोहिणीचा रोगट भाग काढून तिची टोके जोडली. 'द लॅन्सेट'मधील त्यांच्या लेखामुळे या उपचाराकडे लक्ष वेधले गेले.

उपयुक्ततेचा वाद १९९१ पर्यंत चालला. त्या वर्षी उत्तर अमेरिकेतील 'नॅसेट' चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याची लक्षणे येऊन गेलेल्या आणि रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांत, दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण केवळ औषधोपचारांवर २६ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के आढळले. ५० टक्क्यांहून कमी अरुंदतेत लाभ दिसला नाही. लक्षणे नसलेल्या रुग्णांत फायदा बराच मर्यादित असतो.

पद्धती

मानेवर छेद घेऊन रोहिणी मोकळी केली जाते, हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध शिरेतून दिले जाते आणि चिमटे लावून प्रवाह थांबवला जातो. या काळात मेंदूचा तो भाग दुसऱ्या बाजूने, मेंदूच्या तळाशी असलेल्या विलिसच्या वलयातून येणाऱ्या रक्तावर अवलंबून राहतो. ते अपुरे पडत असल्यास तात्पुरती नळी बसवून प्रवाह चालू ठेवतात. थर सोलून काढल्यावर रोहिणी बहुधा ठिगळ लावून शिवली जाते. नुसत्या टाक्यांपेक्षा ठिगळाने पुन्हा अरुंद होण्याचा व पक्षाघाताचा धोका कमी होतो.

स्थानिक भूल दिल्यास रुग्ण जागा राहतो, बोलतो, हात हलवतो. मेंदूवर लक्ष ठेवण्याचा याहून सरळ मार्ग नाही. तरीही ३,५२६ रुग्णांच्या 'गाला' चाचणीत (२००८) स्थानिक व संपूर्ण भूल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हेपॅरिन व प्रोटामिन

शस्त्रक्रियेनंतर मानेत रक्त साचल्यास श्वासनलिका दाबली जाऊन काही मिनिटांत जीव धोक्यात येऊ शकतो. अशा वेळी खाटेवरच टाके उघडावे लागतात. हा धोका कमी करण्यासाठी हेपॅरिनचा परिणाम प्रोटामिनने उतरवता येतो. मूळतः सॅमन माशाच्या वीर्यापासून मिळवलेले हे धनभारित प्रथिन ऋणभारित हेपॅरिनला घट्ट बांधून निष्क्रिय करते. साधारणतः १ मिलिग्रॅम प्रोटामिन १०० एकक हेपॅरिनला पुरते. ते झपाट्याने दिल्यास रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून सावकाश दिले जाते. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांत किंवा प्रोटामिनयुक्त इन्सुलिन घेतलेल्यांत तीव्र प्रतिक्रियेची शक्यता अधिक असते.

ताज्या टाक्यांवर गुठळी धरेल या भीतीने अनेक शल्यविशारद प्रोटामिन टाळत असत. न्यू इंग्लंडमधील रुग्णालयांच्या एका गटाने ४,५८७ शस्त्रक्रियांच्या नोंदी २०१० मध्ये प्रसिद्ध केल्या. रक्तस्रावामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण प्रोटामिन दिलेल्यांत ०.६४ टक्के, तर न दिलेल्यांत १.६६ टक्के होते. पक्षाघात वा हृदयविकाराचे प्रमाण मात्र वाढलेले नव्हते. ही यादृच्छिक चाचणी नसल्याने निष्कर्ष निर्णायक म्हणता येत नाही, पण जुनी भीती अतिरंजित असल्याचे त्यातून दिसते.

इतर खबरदारी

ॲस्पिरिन शस्त्रक्रियेपूर्वी थांबवले जात नाही. १९९९ च्या एका चाचणीत रोजची ८१ किंवा ३२५ मिलिग्रॅमची मात्रा ६५० किंवा १,३०० मिलिग्रॅमपेक्षा सरस ठरली. सोबत क्लोपिडोग्रेल दिल्यास मानेतील रक्तस्राव वाढू शकतो.

रक्तदाबाचे नियंत्रण दोन्ही धोक्यांशी निगडित आहे. उच्च रक्तदाबाने मानेत रक्त साचते. शिवाय दीर्घकाळ कमी रक्तावर राहिलेल्या मेंदूकडे अचानक जोराचा प्रवाह गेल्यास एका बाजूची डोकेदुखी, झटके आणि क्वचित मेंदूतील रक्तस्राव होतो. ही स्थिती शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनीही उद्भवू शकत असल्याने घरी गेलेल्या रुग्णाच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये, असे सांगितले जाते.

लक्षणे आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास लाभ सर्वाधिक असतो. आशियाई लोकांत कवटीच्या आतील रोहिण्या अरुंद होण्याचे प्रमाण तुलनेने जास्त आहे, आणि तेथे ही शस्त्रक्रिया उपयोगी नाही. पर्याय म्हणून रोहिणीत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येते. २०१० च्या 'क्रेस्ट' चाचणीत उपचारानंतरच्या काळात स्टेंटमध्ये पक्षाघात, तर शस्त्रक्रियेत हृदयविकाराचे झटके अधिक आढळले.