जुन्या घरांची दुरुस्ती व भाडेव्यवहार (खडकी)

मोडकळीस आलेले घर विकत घेऊन, दुरुस्त करून भाड्याने देण्याचा व्यवहार पुण्याच्या खडकी छावणीत आधी जमिनीच्या मालकीपाशी अडतो. येथील ‘ओल्ड ग्रँट’ जागांची जमीन केंद्र सरकारची असते. धारकाकडे फक्त वरचे बांधकाम असते आणि सरकार जागा परत घेऊ शकते. म्हणून छावणीच्या जमीन नोंदवहीतील नोंद पाहिल्याशिवाय इसार देणे धोक्याचे ठरते. पुनर्बांधणीस २००६ च्या छावणी कायद्यानुसार मंडळाची मंजुरी लागते.

भाडेकरूंची मागणी जुनी आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याने येथे कामगारवस्ती वाढवली.

दुरुस्तीत पहिले लक्ष छपराकडे द्यावे लागते. कौले उतरवून वाशांची टोके तपासतात. भिंतीत गेलेले टोकच आधी कुजते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. तेथे चुन्याचाच गिलावा योग्य.

घरात जुना भाडेकरू असेल, तर उत्पन्नाचा हिशेबच बदलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली येणाऱ्या जागेचे भाडे साधारणतः वर्षाला ४ टक्केच वाढवता येते. नवा भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.