विहिरींतील तेल आणि वायु

अमेरिकेंतील टेक्सासमध्यें, ब्यूमाँट गांवाजवळ, स्पिंडलटॉप नांवाचा एक बुटका उंचवटा आहे. १० जानेवारी १९०१ रोजीं तेथील विहिरींतून तेलाचा जो काळा फवारा उसळला, तो नऊ दिवस कोणालाहि आवरला नाहीं. पाहणारांना तें भाग्य वाटलें; वस्तुतः लाखों पिंपें तेल मातींत गेलें.

भूगर्भांत प्रचंड दाबाखालीं तेलांत वायु विरघळलेला असतो. तेल नळींतून चढूं लागलें कीं दाब उतरतो आणि सोडावॉटरची बाटली उघडावी तसे बुडबुडे सुटतात. प्रथम ते बारीक असतात. मग नळीभर रुंद असे वायूचे गोळे होतात. कधीं तर मधून वायूचा झोत आणि कडेनें तेलाचा पातळ थर! सोबत बहुधा खारें पाणीहि असतें. अशा मिश्रणाचें वजन ठरवावें कसें? तें ठाऊक नसेल तर तळाचा दाब तेलाला वरपर्यंत पोंचवील, कीं विहीर मध्येंच बंद पडेल, हें सांगतां येत नाहीं.

१९५२ सालीं पोएटमन व कार्पेंटर यांनीं सोपी वाट धरली. वायु व द्रव एकाच वेगानें जातात असें मानून त्यांनीं प्रत्यक्ष विहिरींच्या मोजमापांवरून आपला गुणांक बसविला. वाट सोपी, पण गृहीत खोटें. हलका वायु पुढें निसटतो, जड द्रव मागें रेंगाळतो. म्हणून नळींतील भार हिशेबापेक्षां जास्त भरतो. १९६५ सालीं हॅगेडॉर्न व ब्राउन यांनीं १५०० फूट खोल विहिरींत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले; परंतु गंमत अशी कीं, मागें राहिलेला द्रव त्यांनींहि मोजला नाहीं, दाबाच्या आंकड्यांवरून मागाहून काढला.

तो प्रत्यक्ष मोजला टल्सा विद्यापीठांत, बेग्ज व ब्रिल यांनीं. त्यांचा निबंध १९७३ चा. ९० फुटी पारदर्शक नळी, आंत हवा व पाणी, आणि एकदम मिटणाऱ्या झडपा. झडपा मिटल्या कीं आंत अडकलेलें पाणी मोजावयाचें. मग नळी थोडी अधिक तिरपी करून पुनः तेंच. सर्वांत अधिक पाणी उभ्या नळींत सांचेल असें कोणालाहि वाटेल. तें सांचलें सुमारें ५० अंशांच्या चढावर!

तिरप्या विहिरींचा हा प्रश्न समुद्रांत विशेष येतो. कारण प्रत्येक विहिरीसाठीं निराळा मंच परवडत नाहीं आणि एकाच मंचावरून अनेक विहिरी तिरप्या खणाव्या लागतात. मुंबईच्या पश्चिमेस १९७४ सालीं सांपडलेल्या बाँबे हायची गोष्ट हीच. १९७६ पासून तेथें तेल निघूं लागलें. पुढें दाब ओसरला, तशी विहिरींत वरून वायु सोडून तेल हलकें करण्याची पाळी आली. किती वायु सोडावा, हें त्याच हिशेबावरून ठरतें. कमी पडला तर तेल चढत नाहीं, अधिक झाला तर घर्षणच वाढतें.