१७. ‘जॉर्जियन पोरीची सीडी’

बुलढाण्याच्या मुक्कामात लेखक रात्री लावतो ती सीडी खातिया बुनियातिश्विली (जन्म १९८७, बातुमी) या पियानोवादिकेची ‘मदरलँड’ (२०१४). जॉर्जिया म्हणजे काळ्या समुद्राकाठचा, कॉकेशसमधला देश. अमेरिकेतले राज्य नव्हे. बुनियातिश्विली नावारूपाला आली ती लिस्ट आणि शोपँ वाजवून. पण आईला अर्पण केलेल्या या संग्रहात तिने ब्राम्स, राव्हेल यांच्या पंगतीला लिगेती आणि आर्वो पेर्त हे अलीकडचे रचनाकारही बसवले आहेत. लेखकाला भावलेला ‘बदामाचा बहर’ ही तिबिलिसीच्या गिया कान्चेली (१९३५–२०१९) यांची रचना, मुळात चित्रपटासाठी केलेली. पुढच्या परिच्छेदातले लोकगीतही जॉर्जियनच. तिकडच्या गाण्यात बहुधा तीन आवाज एकाच वेळी आपापल्या वाटेने चालतात. एका षड्जाभोवती फिरणाऱ्या आपल्या कानाला आधी तो गलकाच वाटतो. या बहुस्वरी गायनाला युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. लेखक बुनियातिश्विलीला ‘रशियन घराण्याची’ म्हणतो, ते फार तर अर्धे खरे: तिचे शिक्षण तिबिलिसीत आणि व्हिएन्नात झाले.

‘गोव्यातली राणी’ म्हणजे जॉर्जियाची केतेवान. १६२४ मध्ये शिराझ येथे तिला ठार मारण्यात आले. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या तिच्या अस्थींचा काही भाग भारताने २०२१ मध्ये जॉर्जियाला सुपूर्द केला. – संपा.