ओह्‌रिड करार

ओह्‌रिड करार : यूगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर मॅसिडोनियातील (विद्यमान उत्तर मॅसिडोनिया) मॅसिडोनियन व अल्बेनियन समाजांत सलोखा घडविणारा राजकीय करार. १९९१ मध्ये हे राज्य युद्धाविना स्वतंत्र झाले. तथापि लोकसंख्येच्या सु. एक-चतुर्थांश असलेल्या अल्बेनियनांना शासकीय नोकऱ्यांत, पोलीस दलात व उच्च शिक्षणात पुरेसे स्थान नव्हते. या असंतोषातून २००१ च्या प्रारंभी सशस्त्र उठाव झाला. यूरोपीय संघ व अमेरिका यांच्या मध्यस्थीने ओह्‌रिड येथे वाटाघाटी होऊन १३ ऑगस्ट २००१ रोजी स्कोप्ये येथे करारावर सह्या झाल्या. बंडखोरांची शस्त्रे नाटोने जमा केली.

कराराने देशाची फाळणी नाकारली. किमान २०% लोक बोलत असलेल्या भाषेला शासकीय दर्जा, नोकऱ्यांत न्याय्य प्रतिनिधित्व आणि नगरपालिकांना वाढीव अधिकार या त्यातील प्रमुख तरतुदी होत. भाषा, संस्कृती व शिक्षण यांविषयीच्या कायद्यांना संसदेतील एकूण बहुमताबरोबरच अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींचेही बहुमत आवश्यक ठरले. टेटोव्हो येथे २००४ मध्ये अल्बेनियन भाषेतील शिक्षणासाठी शासकीय विद्यापीठास मान्यता मिळाली.

देशाच्या नावावरून ग्रीसशी असलेला वाद प्रेस्पा कराराने (१७ जून २०१८) मिटला व २०२० मध्ये उत्तर मॅसिडोनिया नाटोचा सदस्य झाला. शाळा व पक्ष अद्याप बव्हंशी वांशिक आधारावर विभागलेले आहेत. तरीही २००१ नंतर तेथे यादवी युद्ध उद्‌भवले नाही, हे या कराराचे मोठे यश होय.