जुन्या मागाची वेळ

पेट्रोलचा जुना ट्रॅक्टर ज्याने हँडल मारून सुरू केला असेल, त्याला ठिणगीची वेळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दट्ट्या वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी, आणि वेग वाढला तर ती आणखी अलीकडे घ्यावी. सुरू करतानाच ती फार लवकर पडली, तर हँडल उलटे फिरून मनगट मोडते. आमच्या भिवंडीत ट्रॅक्टरांपेक्षा माग फार. म्हणून आम्ही बोलणार ते मागाच्या वेळेविषयी. विद्या तीच आहे.

जॉन केने १७३३ साली उडता धोटा काढला, तेव्हा दोरी ओढून धोट्याला फटका देणारा हात विणकराचाच होता. १७८५ साली कार्टराइट या पाद्र्याने यंत्रमागाचे पेटंट घेतले आणि फटक्याची वेळ हातातून निघून लोखंडात गेली. ते लोखंड लावायचे कोणी, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

भिवंडीत विजेचे माग १९३०च्या दशकात येऊ लागले. पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले. (१९८२च्या संपात त्याच गिरण्यांचे कापड येथे विणले गेले, हे आम्हां चळवळीतल्या माणसांना अजून सलते.) दाते झिजलेला माग पुस्तकाबरहुकूम लागत नाही. जॉबर चाक हाताने फिरवतो, फणी कापडाला टेकली की तेथून मोजतो; पाव फेरीच्या सुमारास फटका बसावा. लवकर बसला तर ताण्याची वाट पुरती उघडलेली नसते. धोटा सुतावर आपटतो, प्रसंगी बाहेर उडतो. उशीर झाला तर मिटत्या वाटेत अडकतो, आणि माग तत्क्षणी थांबला नाही तर तारांचा फडशा पडतो. मजुरी मीटरवर, तारा जोडण्यात गेलेले तास विणकराच्या खात्यावर. मिनिटाला १८० फेऱ्या धरल्या तर एका फेरीला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो, आणि धोट्याला त्यातलाही तिसराच.

एका कारखान्यात मालकाने मोटरीची पुली मोठी बसवली. चौथ्या दिवशी धोटा उडून शेजारच्या मागावरच्या विणकराची भुवई फुटली. मालक म्हणाले, कारागीर बेसावध होता. आम्ही म्हटले, सर्वांसमोर माग हाताने फिरवा. फिरवला. वाढलेल्या वेगात धोटा पलीकडे पोचावा म्हणून फटका अलीकडे घेतलेला होता. वाट उघडण्याआधीच धोटा निघत होता. जॉबरला दोष देणे सोपे होते, आणि आमच्यातल्याही काहींनी तो दिला. त्याने सांगितले तेवढे केले होते.

दीड तासाच्या बोलण्यानंतर जुनी पुली परत बसली, धोटा उडू नये म्हणून पुढे आडवी सळई आली. दवाखान्याचा खर्च मिळवायला आम्हांला आणखी चार महिने लागले.